मध्ययुगीन फ्रेंच बिशपचं करिअर कसं शोधायचं आणि कसं वाचायचं

मध्ययुगातल्या कुठल्याही फ्रेंच बिशपबद्दल, म्हणजे एखाद्या धर्मप्रांताच्या चर्चप्रमुखाबद्दल, शोधायला गेलात की हाती बहुतेक एकच ओळ लागते. नाव, गाव आणि दोन सालं. उदाहरणार्थ निकोल ओरेम, लिझ्योचा बिशप, 1377 ते 1382. संपलं. आता हा माणूस 1320 च्या आसपास नॉर्मंडीत जन्मला, म्हणजे बिशप झाला तेव्हा पन्नाशी उलटून गेलेली, मग त्याआधीची तीस वर्षं तो काय करत होता, पोटापाण्याचं काय होतं, हे पद त्यालाच का मिळालं, हे सगळं त्या एका ओळीत कुठेच नसतं. आणि खरी मजा नेमकी तिथेच आहे. म्हणून हे करिअर पायरीपायरीनं कसं उलगडायचं ते लिहितोय, ज्यांना मध्ययुगीन इतिहासात रस आहे पण चर्चच्या पदांची नावं बघूनच जे पान उलटतात त्यांच्यासाठी खास.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. माणसाच्या मागे लागू नका, जागेच्या मागे लागा. त्या काळात चर्चमधलं प्रत्येक पद म्हणजे एक ठराविक जागा होती, तिला ठराविक उत्पन्न जोडलेलं होतं, ती आधी कुणीतरी रिकामी करावी लागायची आणि ती द्यायचा हक्क कुणाचा तरी असायचा. त्यामुळे प्रत्येक पायरीवर तीनच प्रश्न विचारायचे: ही जागा आधी कुणाकडे होती, ती रिकामी कशी झाली, आणि ती द्यायचा अधिकार त्या दिवशी कुणाच्या हातात होता. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की करिअर आपोआप समोर येतं, आणि नाही मिळाली तर कितीही चरित्रं वाचा, "तो विद्वान होता म्हणून बिशप झाला" एवढंच हाती लागतं.

आता कागद घ्या आणि दोन वेगळे रकाने आखा. एकात दीक्षा, दुसऱ्यात पदं. या दोन गोष्टी लोक सर्रास एकत्र करतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

दीक्षेचा रकाना असा. सुरुवात टॉन्शरनं, म्हणजे डोक्यावरचे केस गोल कापून मुलाला क्लर्क करणं. हे अगदी लहान वयात व्हायचं आणि त्याला मोठा अर्थ होता, कारण टॉन्शर झालेला मुलगा राजाच्या कोर्टाऐवजी चर्चच्या कोर्टाखाली येतो आणि चर्चच्या उत्पन्नाची जागा घ्यायला पात्र होतो. त्यानंतर चार कनिष्ठ दीक्षा, मग सबडीकन, डीकन आणि प्रीस्ट म्हणजे धर्मगुरू. सबडीकनपासून मात्र परतीचा रस्ता बंद, लग्न करता येत नाही. 1311-12 च्या व्हिएन परिषदेनं वयं ठरवून दिली, सबडीकनला 18, डीकनला 20, प्रीस्टला 25. आणि बिशपसाठी त्याच्याही आधी, 1179 च्या तिसऱ्या लॅटेरन परिषदेत, किमान 30 वर्षं आणि औरस जन्म अशी अट घातलेली होती. नियम असला की सूट आलीच, आणि सूट पोप देतो, त्यामुळे वय कमी दिसलं तर तारीख चुकली असेल असं लगेच समजू नका, आधी सवलतीचं पत्र आहे का बघा. पिएर द लुक्झाँबुर 1369 साली जन्मला आणि 1384 मध्ये मेत्झचा बिशप झाला. (मेत्झ तेव्हा जर्मन साम्राज्यात होतं, फ्रेंच राज्यात नाही, पण माणूस घडला फ्रेंच वर्तुळातच, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे तिथल्या मंडळाचा सदस्य, तो लहानपणीच झाला होता.) पंधराव्या वर्षी बिशप, त्याच वर्षी कार्डिनल म्हणजे पोपच्या सल्लागार मंडळाचा सदस्य, आणि 1387 मध्ये मृत्यू.

पदांचा रकाना पूर्ण वेगळा चालतो. प्रत्येक कॅथेड्रलला, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चला, कॅननांचं एक मंडळ असतं, त्याला चॅप्टर म्हणतात. कॅननला दोन गोष्टी मिळतात, क्वायरमध्ये म्हणजे चर्चच्या प्रार्थना-गायनाच्या भागात बसायची जागा आणि चॅप्टरच्या बैठकीत मत, आणि त्याबरोबर प्रीबेंड म्हणजे जमिनीचं, धान्याचं, दशमांश कराचं ठरलेलं उत्पन्न. शिवाय रोजच्या प्रार्थनेला हजर राहिलं तर वेगळा रोजचा वाटा. हा हजेरीचा वाटा लक्षात ठेवा, कारण त्यावरून माणूस खरंच त्या गावात राहत होता का फक्त उत्पन्न खात होता हे कधीकधी कळतं, चॅप्टरचे हिशेब शिल्लक असतील तर. कॅननांच्या वर मग मानाची पदं: डीन हा चॅप्टरचा प्रमुख, कँटर गायन सांभाळतो, चॅन्सलर शाळा आणि शिक्के सांभाळतो, खजिनदार वस्तू आणि दिवे सांभाळतो, आणि आर्चडीकन बिशपच्या वतीनं धर्मप्रांताचा एक भाग बघतो, गावोगावच्या चर्चची तपासणी करतो, कोर्ट चालवतो. माझ्या मते बिशप व्हायची खरी तालीम आर्चडीकनच्याच खुर्चीत व्हायची. पॅरिसमध्ये असे तीन आर्चडीकन होते, पॅरिस, जोझास आणि ब्री. मोरिस द सुली हा लुआर नदीकाठच्या सुली गावातल्या गरीब घरचा मुलगा पॅरिसमध्ये शिकला, कॅनन झाला, जोझासचा आर्चडीकन झाला आणि 1160 मध्ये पॅरिसचा बिशप. आजचं नोत्र दाम उभं करायला त्यानंच घेतलं, काम 1163 च्या सुमारास सुरू झालं. त्याचं करिअर बघितलं तर बिशपपदाची उडी अजिबात अचानक वाटत नाही, माणूस आधीच त्या धर्मप्रांताचा एक तृतीयांश भाग सांभाळत होता.

दोन रकाने वेगळे का ठेवायचे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे गियोम दोव्हर्न्य. हा पॅरिसच्या चॅप्टरचा कॅनन, थिऑलॉजीचा म्हणजे धर्मशास्त्राचा मास्टर, मोठं नाव, पण दीक्षेनं फक्त डीकन. 1227 मध्ये बिशप बार्थेलेमी वारला, चॅप्टरनं केलेली निवड गियोमला पटली नाही, तो सरळ पोप ग्रेगरी नववा याच्याकडे दाद मागायला गेला, आणि पोपनं निवडणूक बाजूला ठेवून 1228 मध्ये त्यालाच बिशप करून टाकलं, प्रीस्टची दीक्षाही तिथेच दिली. म्हणजे पदांच्या रकान्यात तो खूप वर, दीक्षेच्या रकान्यात मधेच. हे एकाच यादीत लिहिलंत तर प्रीस्ट, मग कॅनन, मग बिशप असा खोटा सरळ जिना तयार होतो जो प्रत्यक्षात कधी नव्हताच.

आता ओरेमवर परत येऊ आणि त्याच्या ओळी ओळीनं वाचू. 1348 मध्ये तो पॅरिसच्या नाव्हार कॉलेजात थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांत दिसतो. 1356 मध्ये त्याच कॉलेजचा ग्रँड मास्टर म्हणजे प्रमुख. 1361 मध्ये बायोचा आर्चडीकन करण्यात आलं, बायो म्हणजे त्याचा स्वतःचा धर्मप्रांत. इथे थांबा, ही ओळ महत्त्वाची आहे. ग्रँड मास्टरपद न सोडता त्याला आर्चडीकनही व्हायचं होतं, वाद झाला, आणि एकावेळी दोन्ही ठेवता येणार नाहीत असं ठरलं. 1362 मध्ये रुआँच्या कॅथेड्रलचा कॅनन, मग पॅरिसच्या साँत शापेलमध्ये, राजाच्या चॅपेलमध्ये, अर्धी प्रीबेंड, 1364 मध्ये रुआँचा डीन. आणि तिथून बिशप व्हायला तेरा वर्षं. त्या वर्षांत त्यानं काय केलं तर राजा पाचवा चार्ल्स याच्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणले, टीकेसकट. 1377 मध्ये ते काम संपत आलं आणि त्याच वर्षी लिझ्यो मिळालं. जागा नॉर्मंडीतली, लिझ्यो हे रुआँच्या आर्चबिशपच्या, म्हणजे आसपासच्या बिशपांवरच्या मोठ्या बिशपच्या, हाताखालचं, म्हणजे ज्या प्रांतात तो इतकी वर्षं डीन होता तिथेच, आणि मागे राजा. आता ती एक ओळ पुन्हा वाचा, ती आता रिकामी वाटत नाही.

विद्यापीठाची गोष्ट निघालीच आहे तर एक कळ सांगून ठेवतो. पॅरिसमध्ये शिकणारा माणूस दूरच्या गावच्या प्रीबेंडवर कसा जगत होता हा प्रश्न पडतोच. 1219 मध्ये पोप होनोरियस तिसरा यानं थिऑलॉजी शिकणाऱ्यांना पाच वर्षं गैरहजर राहून आपल्या जागेचं उत्पन्न घ्यायची परवानगी दिली, शिकवणाऱ्यांनाही दिली. त्यामुळे एखादा माणूस कागदावर अमुक गावचा कॅनन आणि प्रत्यक्षात पॅरिसच्या वर्गात, हे अगदी सामान्य होतं. कॅनन लिहिलंय म्हणून तो तिथे राहायचा असं धरून चालू नका.

पुढची पायरी सगळ्यात मोठी, बिशप नेमका झाला कसा. इथे आधी साल बघायचं आणि मग अर्थ लावायचा, कारण नियम शंभर शंभर वर्षांत बदलत गेले.

साधारण बाराव्या आणि तेराव्या शतकात निवडणूक खरी असते, कॅथेड्रलचं चॅप्टर निवडतं. 1215 च्या चौथ्या लॅटेरन परिषदेनं पद्धत ठरवली: एक तर सगळ्यांनी एकाच वेळी एकमुखानं नाव घ्यायचं, जणू प्रेरणाच झाली, नाही तर काही विश्वासू लोकांवर सोपवायचं आणि त्यांनी ठरवायचं, नाही तर तीन जण प्रत्येकाचं मत गुपचूप घेऊन लिहून मग जाहीर करायचे. जागा तीन महिन्यांत भरली नाही तर निवडीचा हक्क वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. आणि जिंकायला नुसती जास्त मतं पुरत नाहीत, जास्त आणि जास्त शहाण्या लोकांची मतं हवीत, आता शहाणे कोण यावरच भांडणं जुंपायची आणि प्रकरण रोमला जायचं. म्हणून दोन नावं एकाच वर्षी बिशप म्हणून दिसली तर गोंधळून जाऊ नका, बहुतेक वेळा ती फुटलेली निवडणूक असते.

निवड झाली की आर्चबिशपकडून मान्यता. इथे एक खाच आहे जी लोकांना हमखास अडकवते: पॅरिसचा बिशप मध्ययुगात आर्चबिशप नव्हता, तो साँसच्या आर्चबिशपच्या हाताखाली होता आणि 1622 पर्यंत तसंच राहिलं. मान्यतेनंतर अभिषेक, किमान तीन बिशपांच्या हातून. आणि मग समारंभानं धर्मप्रांतात प्रवेश. ऑर्लेआँचा नवा बिशप पहिल्यांदा शहरात येताना कैद्यांना सोडून द्यायचा, तो त्याचा जुना हक्कच होता.

म्हणजे एकाच माणसाला निवड, मान्यता, अभिषेक आणि प्रवेश अशा चार तारखा असतात आणि प्रत्येक लेखक त्याला सोयीची तारीख उचलतो. गियोम द्युराँ, मोठा कायदेपंडित, दक्षिणेतल्या माँदचा बिशप म्हणून 1285 मध्ये निवडला गेला, अभिषेक 1286 मध्ये झाला, आणि पोपची इटलीतली कामं सोडवत तो प्रत्यक्ष माँदला पोचला 1291 मध्ये. तुम्ही नुसतं "1285 पासून बिशप" लिहिलंत तर माँदच्या लोकांनी सहा वर्षं त्याचं तोंडच पाहिलं नव्हतं हे हरवून जातं.

या तारखा वेगळ्या करायला जुने दस्तऐवज स्वतःच मदत करतात, फक्त बारकाईनं बघा. निवड झालेला पण अभिषेक न झालेला माणूस स्वतःला बिशप म्हणवत नाही, 'एलेक्टुस' म्हणजे निवडलेला असं लिहितो, आणि बऱ्याचदा त्याचा शिक्काही वेगळा असतो, त्यावर मायटर म्हणजे बिशपची उंच टोपी नसते. आणि बिशप जेव्हा "आमच्या पदाच्या तिसऱ्या वर्षी" असं लिहितो तेव्हा ती मोजणी साधारण अभिषेकापासूनची असते. अशी दोनतीन पत्रं सापडली की मागे मोजत जाऊन अभिषेकाचा काळ बऱ्यापैकी आवळता येतो, कुठल्याही इतिहासकारानं सांगितलेला नसला तरी. हे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात समाधानाचं वाटतं.

राजा विसरायचा नाही. उत्तरेकडच्या बऱ्याच धर्मप्रांतांत बिशप मेला की त्याच्या जमिनींचं उत्पन्न नवा बिशप राजाला इमानाची शपथ देईपर्यंत राजाकडे जायचं, याला रेगाल म्हणत. आणि त्या मधल्या काळात चॅप्टरमधली एखादी प्रीबेंड रिकामी झाली तर ती द्यायचा बिशपचा हक्कही राजाच वापरायचा. म्हणून तुमच्या माणसाला प्रीबेंड मिळाली त्या दिवशी तिथे बिशप होता का हे आवर्जून तपासा. नसेल, तर त्याला जागा राजानं दिली असण्याची दाट शक्यता आणि मग राजाच्या दरबारातल्या हिशेबांत त्याचं नाव शोधायला लागा. शिवाय रीम्स, लाँ, लाँग्र, बोव्हे, शालाँ आणि नोय्याँ या सहा ठिकाणचे धर्मप्रमुख राज्याचे पिअर होते, ड्यूक किंवा काउंटच्या दर्जाचे, तिथे कोण बसतो याकडे राजाचं डोळ्यात तेल घालून लक्ष असायचं. बोव्हेचा बिशप फिलिप द द्रो हा राजा फिलिप ऑगस्टचा चुलतभाऊ, 1214 मध्ये बूव्हिनच्या लढाईत प्रत्यक्ष लढला. असा माणूस कॅनन, आर्चडीकन या पायऱ्या चढत बसत नाही.

चौदाव्या शतकात चित्र पालटतं. पोपनं हळूहळू बिशपपदं स्वतःच्या हातात घेतली. 1265 मध्ये क्लेमेंट चौथा यानं ठरवलं की पोपच्या दरबारी असताना कुणी मेला तर त्याची जागा पोपच भरणार. पुढे 1316 मध्ये जॉन बाविसावा यानं ही यादी वाढवली आणि 1363 पर्यंत जवळजवळ सगळीच बिशपपदं पोपसाठी राखून ठेवली गेली. या नियमाचा परिणाम बघायचा तर माँदलाच परत जा. तोच गियोम द्युराँ 1296 मध्ये रोममध्ये वारला, म्हणजे जागा पोपच्या दरबारी रिकामी झाली, आणि त्याच वर्षी पोप बोनिफेस आठवा यानं तिथे कुणाला बसवलं, तर त्याच्या पुतण्याला. नाव काय, गियोम द्युराँ. हा पुतण्या 1330 पर्यंत बिशप राहिला. दोन माणसं, एक नाव, एकच खुर्ची, लागोपाठ. यांना एकच समजणारे लेख आजही सापडतात, म्हणून सालांवर नजर ठेवा.

नेमकं उलटंही होतं. मोरिस द सुलीनंतर 1196 मध्ये पॅरिसला बिशप आला ओद द सुली. नावावरून वाटेल नातेवाईक, पण मोरिस गरीब घरचा आणि ओद बड्या सरदार घराण्यातला, सुली हे आडनाव नसून गावाचं नाव. नावावरून नातं ठरवू नका आणि नाव वेगळं म्हणून नातं नाकारूही नका. जाक फुर्निएचं बघा. दक्षिणेत फाँफ्र्वाद नावाचा सिस्टर्शियन मठ, तिथला मठाधिपती आर्नो नुव्हेल कार्डिनल झाला, जागा रिकामी झाली आणि 1311 मध्ये तिथे आला फुर्निए, नुव्हेलचा भाचा. तिथून 1317 मध्ये पामिएचा बिशप, 1326 मध्ये मिरप्वाचा, 1327 मध्ये कार्डिनल आणि 1334 मध्ये पोप बेनेडिक्ट बारावा. पामिएत असताना त्यानं पाखंडी लोकांच्या चौकशा केल्या, त्यांच्या जबान्यांची वही आजही आहे आणि त्या डोंगराळ भागातल्या साध्या माणसांचं बोलणं त्यातून ऐकू येतं, हे खरं, पण करिअरच्या दृष्टीनं पहिली कळ मामानं मोकळ्या केलेल्या खुर्चीत आहे.

या काळात बिशपची बदली ही नेहमीची गोष्ट होते. पिएर रोजे, ला शेझ दिएचा बेनेडिक्टाइन साधू, 1326 मध्ये फेकाँचा मठाधिपती, 1328 मध्ये आरासचा बिशप, 1329 मध्ये साँसचा आर्चबिशप, 1330 मध्ये रुआँचा आर्चबिशप, 1338 मध्ये कार्डिनल, 1342 मध्ये पोप क्लेमेंट सहावा. आरासला तो जेमतेम वर्षभर होता. अशा ठिकाणी "आरासचा बिशप म्हणून त्याचं कार्य" असा परिच्छेद लिहायच्या फंदात पडू नका, ते पद म्हणजे एक मुक्काम होता. त्याऐवजी राजाशी त्याचे संबंध बघा, तो फिलिप सहावा याचा जवळचा सल्लागार होता आणि प्रत्येक बदलीमागे ते दिसतं.

पोपकडून नेमणूक झाली की पैसे भरावे लागायचे, धर्मप्रांताच्या वार्षिक उत्पन्नाचा ठरलेला तिसरा हिस्सा, त्यातला अर्धा पोपच्या तिजोरीत आणि अर्धा कार्डिनलांच्या मंडळात. बिशपानं हे द्यायचं कबूल केल्याच्या नोंदी व्हॅटिकनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत आणि नेमणुकीची तारीख पक्की करायला त्यांच्यासारखं साधन नाही, कारण पैशाच्या वहीत तारीख बिनचूक लिहितात.

आणि आता या सगळ्यातला माझा सगळ्यात लाडका कागद. पोपनं कुणाला प्रीबेंड दिली की पत्राच्या शेवटी एक लांबलचक वाक्य येतं, 'नॉन ऑब्स्टान्टे' म्हणजे "असं असूनही" पासून सुरू होणारं. त्यात काय असतं, तर या माणसाकडे आधीच अमुक ठिकाणची कॅननची जागा आहे, तमुक गावचं चर्च आहे, आणखी एक प्रीबेंड मिळायची आशा आहे, हे सगळं असूनही आम्ही त्याला ही जागा देतो. म्हणजे त्या दिवशीची त्याची सगळी कमाई एका वाक्यात! एकापेक्षा जास्त जागा अडवणाऱ्यांवर 1215 मध्ये आणि पुन्हा 1317 मध्ये बंधनं आणली होती, त्यामुळे आधीचं सगळं सांगणं भाग होतं, लपवलं तर नवी देणगीच रद्द व्हायची भीती. अशी दोन पत्रं पाच वर्षांच्या अंतरानं मिळाली तर शेजारी ठेवून ताडून बघा, यादीत काय वाढलं, काय गेलं. गेलेली जागा पुढे कुणाला मिळाली ते शोधा, त्या नव्या माणसाच्या पत्रात ती जागा मृत्यूमुळे, राजीनाम्यामुळे की अदलाबदलीमुळे रिकामी झाली ते लिहिलेलं असतं, आणि तुमच्या माणसाच्या आयुष्यातली एक तारीख तुम्हाला दुसऱ्याच्याच पत्रातून मिळते. जागेच्या मागे लागा म्हणतो ते याचसाठी.

1378 ते 1417 या काळात एकाच वेळी दोन, आणि 1409 पासून तीन पोप होते, फ्रान्स 1409 पर्यंत बहुतेक काळ आव्हिन्यॉच्या पोपकडे, तेव्हा नेमणूक कुठल्या पोपची ते लिहून ठेवाच. मधे 1398 ते 1403 फ्रान्सनं त्या पोपचीही आज्ञा मानणं बंद केलं होतं, त्या पाच वर्षांत निवडणुका पुन्हा दिसल्या तर दचकू नका. 1438 च्या बूर्जच्या आदेशानं निवडणुका कागदावर परत आल्या आणि 1516 च्या बोलोन्या करारानं बिशपचं नाव सुचवायचा हक्क सरळ राजाला मिळाला.

युद्धकाळ असेल तर राजकारण आधी वाचा आणि पदं मग. पिएर कोशाँ, ज्याच्यापुढे 1431 मध्ये जोन ऑफ आर्कचा खटला चालला, तो पॅरिस विद्यापीठाचा माजी रेक्टर, 1420 मध्ये बोव्हेचा बिशप, इंग्रज आणि बर्गंडीच्या बाजूचा. 1429 मध्ये बोव्हे विरुद्ध पक्षाच्या हाती गेलं आणि धर्मप्रांताबाहेर पडलेला हा बिशप रुआँला येऊन राहिला. 1432 मध्ये त्याला लिझ्यो मिळालं, हो, ओरेमचंच लिझ्यो, आणि 1442 मध्ये मरेपर्यंत तो तिथला बिशप होता. बोव्हे ते लिझ्यो ही बदली नकाशावर सैन्य कुठे होतं ते न बघता कळणारच नाही.

आता शोधायचं कुठे. गालिया क्रिस्तियाना हा जुना प्रचंड लॅटिन ग्रंथ आहे, 1715 पासून त्याचे खंड निघायला लागले, धर्मप्रांताप्रमाणे बिशपांची ओळीनं माहिती, आणि तो फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका साइटवर फुकट वाचता येतो. लॅटिन येत नसेल तरी सालं आणि नावं कळतात. पण त्याची मांडणी छपाईच्या काळातली आहे, मध्ययुगातली नाही, म्हणून शार्त्र आणि ऑर्लेआँ तुम्ही साँसच्या खंडात शोधत बसाल आणि ते सापडतील पॅरिसच्या हाताखालच्या धर्मप्रांतांच्या आठव्या खंडात. 1198 नंतरच्या बिशपांसाठी कोनराड ऑयबेल या अभ्यासकाची 'हिएरार्किया कॅथोलिका' ही यादी बघा, ती व्हॅटिकनच्या नोंदींवर बेतलेली आहे. आणि तुमच्या धर्मप्रांताचा खंड फास्ती एक्लेसिए गालिकाने या मालिकेत निघाला असेल तर नशीबच उघडलं म्हणायचं, तिथे 1200 ते 1500 मधले नुसते बिशप नाहीत तर साधे कॅननही एकेक करून दिलेत.

लॅटिन गावांची नावं जवळ लिहून ठेवा. ऑतिसियोदोरेन्सिस म्हणजे ओसेर, ऑगुस्तोदुनेन्सिस म्हणजे ओतँ, ऑरेलियानेन्सिस म्हणजे ऑर्लेआँ, घाईत तिन्ही एकसारखीच दिसतात.

तारखांबद्दल एकच पण फार मोठी सूचना. फ्रान्सच्या बहुतेक भागात वर्ष ईस्टरला सुरू व्हायचं, जानेवारीत नाही, आणि हे सोळाव्या शतकात बदललं. म्हणजे जानेवारी ते ईस्टर या काळातल्या कागदावर जे साल आहे ते आपल्या हिशेबानं एकानं कमी असतं. पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए यानं विद्यापीठातल्या 219 मतांवर बंदी घातली तो आदेश 1276 सालचा म्हणून लिहिलेला आहे, ईस्टरआधीच्या उपवासातल्या लेतारे नावाच्या रविवारचा. आपल्या हिशेबानं तो 7 मार्च 1277. त्यामुळे कुणी 1276 म्हणेल कुणी 1277, दोघंही एकच दिवस सांगत असतात. मात्र पोपच्या पत्रांना हा नियम लावू नका, तिथे पोपच्या राज्याभिषेकापासूनची वर्षं मोजतात. तुमच्या वहीत मूळ तारीख जशी लिहिलीय तशी आणि शेजारी बदललेली, अशा दोन्ही ठेवा.

बिशप झाल्यावर माणूस काय करत होता हे सगळ्यांच्या बाबतीत कळत नाही, पण रुआँचा आर्चबिशप ओद रिगो याच्यासाठी कळतं आणि तेही आश्चर्य वाटेल इतकं. हा फ्रान्सिस्कन साधू, 1248 मध्ये अभिषेक झाला, आणि 1248 ते 1269 ची त्याच्या दौऱ्यांची वही शिल्लक आहे. आज कुठे मुक्काम, कुठला मठ तपासला, किती साधू, कर्ज किती, पाहुणचाराचा खर्च कुणाच्या नावावर. स्वतःच्याच रुआँच्या कॅननांबद्दल तो लिहितो की क्वायरमध्ये बोलतात, क्लर्क प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये फिरतात, बायकांशी गप्पा मारतात, स्तोत्रं भराभर म्हणून उरकतात. तुमचा माणूस त्या वीस वर्षांत नॉर्मंडीत कुठल्याही चर्चला असेल तर ही वही उघडाच, करिअरच्या पहिल्या पायरीवरचा एखादा भावी बिशप तिथे साध्या क्लर्कच्या रूपात सापडू शकतो.

शेवटची नोंद मृत्यूची. कॅथेड्रल आणि मठ मृतांसाठी प्रार्थना करायला एक दिनदर्शिका ठेवायचे, त्यात दिवस असतो पण बहुतेक वेळा साल नसतं, कारण प्रार्थना दरवर्षी त्याच दिवशी करायची. म्हणून दिवस तिथून घ्या आणि साल वारसाच्या निवडीवरून काढा. त्या नोंदीत त्यानं काय देणगी दिली तेही असतं, आणि माणूस आयुष्यभर कुठल्या कुठल्या संस्थांशी बांधलेला होता ते त्या देणग्यांवरून कळतं, ज्या जुन्या चॅप्टरमध्ये तो तरुणपणी कॅनन होता तिथेही नाव निघू शकतं. मोरिस द सुली 1196 मध्ये वारला तो बिशपच्या वाड्यात नाही तर पॅरिसच्या साँ व्हिक्तोर मठात, शेवटी तो तिथे राहायला गेला होता, तेव्हा त्याला शोधताना नोत्र दामच्या दिनदर्शिकेबरोबर त्या मठाचीही बघायची. आणि दिवस दोन ठिकाणी एका दिवसाच्या फरकानं लिहिलेला दिसला तर दोन्ही लिहून ठेवा, त्यातला एक बऱ्याचदा प्रार्थनेचा दिवस असतो.